जुन्या गाडीचं ऑईल प्रेशर आधी मोजा, मग ऑईलचा डबा फोडा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका बाबनी सल्ला दिलाय, गाडी लाख किलोमीटरच्या वर गेली की जाड ऑईल घालायचं, इंजिन घट्ट होतं, ऑईलचा लाल दिवा लागत नाही, आवाज पण बसतो. त्यांचा हेतू चांगलाच असणार, आणि तसं बघायला गेलं तर अर्धा गोवा हेच करतो. मी पण केलं होतं. म्हणून लिहायला बसलोय, पत्र लांबलं तर कात्री लावा पण आकडे तेवढे कापू नका.

मी इंजिनियर वगैरे नाही, माझा भाजीचा धंदा. साखळीहून आठवड्यातून तीन रात्री बेळगावला जायचं, पहाटे मार्केटात माल भरायचा, जांबोटी कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून सकाळी परत. पिकअप २००९ ची, डिझेल, मीटर आज ३ लाख ४० हजारावर आहे आणि इंजिनाचं मोठं काम अजून एकदाही केलेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हताच.

दोन वर्षांमागे एका सकाळी भरलेली गाडी घेऊन घाट उतरलो, केरीच्या चेकपोस्टवर थांबलो, इंजिन स्लोवर (नुसतं चालू, रेस न देता), आणि डॅशबोर्डवर तो झारीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकायला लागला. अॅक्सिलरेटर जरा दाबला की जायचा, सोडला की परत हजर. डिपस्टिक काढून बघितली, लेव्हल बरोबर. तशीच हळूहळू साखळीला आणली (हे पण चुकलंच, दिवा लागला की इंजिन बंद करून उभं राहायचं असतं, पण मागे टोमॅटो होते) आणि ओळखीच्या गॅरेजात लावली. त्याने बॉनेट उचललं, परत खाली टाकलं आणि म्हणाला, "पात्रांव, इंजिन पोरणें जालां, दाट तेल घाल, कांयच जावचें ना" (मालक, इंजिन जुनं झालंय, जाड ऑईल घाल, काही होणार नाही). १५डब्ल्यू-४० काढलं, त्याहून जाड २०डब्ल्यू-५० घातलं (हे डब्यावरचे जाडीचे नंबर, पुढे सांगतो), दिवा गेला.

चार महिने मी खुश. अॅव्हरेज अर्धा-पाऊण किलोमीटरने घटलं ते मी घाटाच्या नावावर टाकलं. मग सकाळच्या पहिल्या स्टार्टला आवाज यायला लागला, टक टक टक, आठ-दहा सेकंद, मग गप्प. गॅरेजवाला म्हणाला टॅपेट (वरचे वॉल्व्ह दाबणारे भाग). टॅपेट सेट केले, आवाज तसाच, उलट जरा जड, खालून आल्यासारखा. शेवटी मार्केटातल्या एकाने मला डिचोलीच्या एका म्हाताऱ्या मेस्तांकडे (आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात) पाठवलं. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांनी ट्रकांची इंजिनं केली, आता घरामागे माडाखाली बसून जमेल तेवढं करतात.

मेस्तांनी आवाज ऐकला आणि विचारलं, ऑईलचं प्रेशर किती? मी म्हटलं, दिवा लागत नाही मेस्त. ते म्हणाले, दिव्याचं कोण विचारतंय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो दिवा म्हणजे प्रेशर मोजणारी वस्तू नाहीच, खाली ब्लॉकला एक साधा स्विच असतो, त्यात पडदा आणि स्प्रिंग, आणि प्रेशर साधारण ४ ते ७ पीएसआयच्या (प्रेशरचं माप, टायरच्या हवेला असतं तेच) खाली पडलं तरच तो दिवा लावतो. म्हणजे गरम इंजिनाला स्लोवर १२-१५ हवं असताना ८ मिळत असेल तरी दिवा गप्प, आणि आपण समजतो सगळं आलबेल. दिवा लागतो तेव्हा ती शेवटची बोंब असते.

त्यांनी तो स्विच खोलला आणि त्याच भोकात नळीचं गेज लावलं. थंड इंजिन स्टार्ट केलं तर काटा आठ सेकंद शून्यावरच (तेवढाच वेळ ती टकटक), मग एकदम ६५ पीएसआयवर. मी म्हटलं बघा, प्रेशर तर झकास आहे. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, अर्धा तास गाडी पळवून आणायला लावली, मुळगावपर्यंत जाऊन आलो, आणि मग गरम इंजिनावर परत बघितलं. स्लोवर ८. अडीच हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २५ आणि काटा थरथरतोय. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे १० पीएसआय तरी हवं, जुने मेकॅनिक किलोत बोलतात, एक किलो म्हणजे १४ पीएसआय धरा, म्हणजे अडीच हजारावर पावणेदोन किलो ही अगदी खालची रेघ आणि माझ्या मॅन्युअलात तर तीन किलोच्या वर लिहिलं होतं.

मग मेस्तांनी मला जे समजावलं ते मी त्यांच्याच पद्धतीने सांगतो. माझ्या सासऱ्यांचं केरीला कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, कुळागरात पोफळींना पाणी सोडलंय आणि तू पाईपच्या तोंडावर अंगठा दाबलास तर काय होतं? म्हटलं, पिचकारी लांब जाते. बरोबर, म्हणजे प्रेशर वाढलं, पण पोफळीला पाणी जास्त मिळालं की कमी? मी गप्प. गेजवर दिसतं ते प्रेशर म्हणजे ऑईलला वाटेत होणारी अडवणूक आहे, आणि इंजिनाला हवं असतं वाहतं ऑईल. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, त्याचं जर्नल (गुळगुळीत गोल भाग) बेअरिंगच्या शेलला (भोवतीच्या पातळ धातूच्या वाटीला) न टेकता ऑईलच्या थरावर तरंगत फिरतं, तो थर सतत नवा यावा लागतो, आणि तेच ऑईल तिथली उष्णता पण घेऊन जातं. पंप फक्त ऑईल ढकलतो, प्रेशर होतं ते पुढच्या फटी बारीक असल्यामुळे.

कुळागराचं उदाहरण तंतोतंत लागू होत नाही हे मला माझ्या भाच्याने सांगितलं, तो फर्मागुडीला इंजिनियरिंगला आहे आणि त्याला मामाच्या चुका काढायला आवडतं. ऑईल पंप गिअरचा असतो, दर फेऱ्याला ठरलेलं ऑईल तो ढकलतोच, जाड असो की पातळ. पण म्हणूनच त्याला एक रिलीफ वॉल्व्ह असतो, प्रेशर ठरलेल्या हद्दीवर गेलं की तो उघडतो आणि जास्तीचं ऑईल बेअरिंगकडे न जाता परत खाली. थंड जाड ऑईलला नेमकं हेच होतं. काटा ६५ वर, आपण खुश, आणि ऑईल मधल्यामध्ये घरी परत. शिवाय थंड जाड ऑईल फिल्टरच्या कागदातून पटकन जात नाही, मग फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑईलच पुढे जातं. हे सगळं रोज सकाळी, जेव्हा इंजिन सगळ्यात जास्त झिजतं तेव्हाच.

भाच्याने आणखी एक गोष्ट कागदावर मांडून दाखवली आणि ती मला फारच लागली. बेअरिंगची फट नवीन इंजिनात मिलिमीटरचे तीन-चार शतांश असते. त्या फटीतून बाजूने निसटणारं ऑईल फटीच्या घनात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट. आणि ऑईल जाड केल्याने गळती कमी होते ती मात्र साध्या प्रमाणात. ४० ग्रेडचं ऑईल १०० डिग्रीला साधारण साडेचौदा सेंटीस्टोक (जाडीचं माप), ५० चं साडेअठरा धरा, म्हणजे फरक तीसेक टक्क्यांच्या आतला. तेवढ्याने फट आठ-नऊ टक्के वाढलेली भरून निघते, बस. बेअरिंग खरोखर गेलेलं असेल तर ५० सोडा, ६० घातलं तरी तुम्ही भोक पडलेल्या कळशीला कापूस लावताय.

पण माझ्या गाडीचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते मेस्तांनी काट्याच्या थरथरण्यावरून ओळखलं. हा भाग त्या वाचक बाबनी नीट वाचावा. बेअरिंग झिजलं असेल तर गरम इंजिनाला स्लोवर प्रेशर कमी, पण रेस केल्यावर बऱ्यापैकी वर चढतं, कारण पंप जोरात फिरून गळती भरून काढतो. रेस केल्यावर पण चढत नाही आणि काटा नाचतो, तर पंपाला खालून ऑईल ओढायलाच मिळत नाहीये, हवा खातोय. सगळीकडेच सारखं कमी असेल तर पंप झिजलाय किंवा रिलीफ वॉल्व्ह उघडा अडकलाय. आणि गेजवर सगळं ठीक आणि दिवा तेवढा लागतोय तर तो दोन-तीनशे रुपयांचा स्विच बदला आणि घरी जा. चार वेगळी दुखणी, दिवा सगळ्यांना एकच, आणि आपल्या गॅरेजात औषध पण सगळ्यांना एकच, दाट तेल.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी, खाली काढला. आतली जाळी, पंप जिथून ऑईल ओढतो ती, अर्ध्याहून जास्त बुजलेली. काळा गाळ होताच पण त्याहून जास्त होते ते गॅस्केट पेस्टचे रबरासारखे तुकडे. कधीतरी आधी चेंबर गळत होता म्हणून कुणीतरी हात सैल सोडून पेस्ट लावली होती, बाहेर आलेली आपल्याला दिसते आणि आपण पुसतो, आत पिळून निघालेली कोण पुसणार, ती सुटून जाळीवर जाऊन बसली. अशा जाळीतून जाड ऑईल ओढायचं म्हणजे नारळाच्या पाण्याच्या स्ट्रॉने पेज प्यायला लावल्यासारखं. दिवा गेला कारण बेअरिंगमधून गळती थोडी कमी झाली, आणि त्याच ऑईलने सकाळची आठ सेकंदं इंजिन कोरडं फिरवलं. खालचे बिगएंडचे (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथले) शेल काढले तर वरचा पांढरा थर जाऊन तांबूस दिसायला लागलेला. क्रँक वाचला होता, नशीब. शेल नवीन, जाळी साफ, फिल्टर नवीन, आणि ऑईल परत मॅन्युअलातलंच १५डब्ल्यू-४०. सगळं मिळून साडेअकरा हजार. गरम स्लोवर १६, अडीच हजारावर ४८, काटा शांत. तोच काटा, पातळ ऑईल.

आता ऑईल कुठलं घ्यायचं. डब्यावरचा आकडा लोक नीट वाचतच नाहीत. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज हलतं त्याचा, मागचा आकडा १०० डिग्रीला किती जाड राहतं त्याचा. लोक म्हणतात गोव्यात कुठे थंडी आहे, पहिल्या आकड्याला काय अर्थ. अर्धं खरं आहे, १५डब्ल्यूची परीक्षा उणे २० डिग्रीला घेतात आणि आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घातला तरी लोक हसतात. पण इंजिनाच्या हिशोबाने आपली २५ डिग्री सुद्धा थंडच, साधं १५डब्ल्यू-४० ४० डिग्रीला असतं त्याच्यापेक्षा १०० डिग्रीला सात-आठ पटीने पातळ होतं. म्हणून एकाच मागच्या आकड्यात निवड असेल तर पहिला आकडा कमी असलेलं घेतलं तर सकाळी ते लवकर वर पोचतं, पैसे जास्त पडतात एवढंच.

जाड ऑईल कधीच घालू नये असं मी म्हणत नाही. मॅन्युअलात दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, त्यात ३० आणि ४० दोन्ही दिलेले असतील, गाडी दीड-दोन लाख चाललेली, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये लिटरभर ऑईल खाते, घाटात भरलेली चढते, तर ४० वर जायला माझी हरकत नाही, मी पण जाईन. एक पायरी, आणि प्रेशर मोजल्यानंतर. पण हल्लीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ सांगितलेलं असतं आणि त्यात लोक २०डब्ल्यू-५० ओततात तेव्हा कपाळावर हात मारावा वाटतो. आणि ज्या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ऑईलच्या प्रेशरवर चालतो तिथे तर सकाळच्या त्या पहिल्या सेकंदांनाच किंमत आहे, १.३ मल्टीजेट डिझेल घ्या, आपल्याकडे कितीतरी टॅक्सी त्याच्यावर चालल्या, त्याला चेनच आहे.

जाडीपेक्षा महत्त्वाची ती बारीक अक्षरं. एपीआय म्हणून ऑईलचा दर्जा लिहिलेला असतो, त्यात सी ने सुरू होणारं डिझेलचं, एस ने सुरू होणारं पेट्रोलचं. माझ्या जुन्या डिझेलला सीआय-४ प्लस चालतं, काजळी सांभाळायची ताकद त्यात असते (डिझेलमध्ये नवीन ऑईल दोन दिवसांत काळं होतं ते त्यामुळेच, काळं झालं म्हणून घाबरू नका). पण १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ डिझेल असेल आणि तिला धुराचा फिल्टर असेल तर कमी राखेचंच ऑईल, कंपनी सांगेल तेच, कारण काजळी त्या फिल्टरात जळून जाते पण ऑईलची राख जळत नाही, ती साठत राहते. आणि आपल्या पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाल्या) भावांना एक विनंती, मोटरसायकलमध्ये गाडीचं उरलेलं ऑईल घालू नका, बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा बाईकच्या ऑईलची खूण) बघा, नाहीतर चढावावर क्लच घसरणार आणि तुम्ही क्लचप्लेटला शिव्या घालणार.

सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळायला लागते म्हणतात. ऑईल सील कडक होऊन आधीच गेलेलं असतं, गाळाने बूच मारलेलं असतं, चांगल्या ऑईलने गाळ धुतला की गळती दिसते, सिंथेटिकने भोक पाडलं नाही. जास्त चाललेल्या गाड्यांसाठी म्हणून वेगळं ऑईल मिळतं त्यात सील थोडे फुगवून मऊ करणारं असतं, बारीक पाझराला उपयोग होतो, बेअरिंगला नाही. आणि डब्यातून मिळणारं ते जादूचं दाट करणारं औषध, त्यावर मी एकदा साडेपाचशे घालवलेत, त्याबद्दल जास्त बोलत नाही. तीन लाख चाललेल्या इंजिनात फ्लश (गाळ धुणारं औषध) घालून पाच मिनिटं चालवणारे पण आहेत, आतला सगळा गाळ एकदम सुटला तर तो जाणार कुठे, त्याच जाळीवर. त्यापेक्षा चांगलं ऑईल घालून पुढची दोन सर्व्हिसिंग लवकर करा, हळूहळू साफ होतं.

लेव्हलचं एक राहिलं. आमच्याकडे गाडी उतारावर लावून डिपस्टिक बघतात आणि कमी दिसली की ओततात. सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक ऑईल घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाला प्रेशर नसतं, म्हणजे जास्त ऑईल घालून पण दिवा लागू शकतो. न घालता लेव्हल आपोआप वाढत असेल तर आणखी वाईट, डिझेल ऑईलात उतरतंय, वास घेऊन बघा. पावसात झाकणाच्या आत पांढरट लोण्यासारखं दिसतं ते घर ते मार्केट दोन किलोमीटर चालणाऱ्या गाड्यांना होतं, इंजिन तापतच नाही, दमट हवेतलं पाणी आत राहतं, महिन्यातून दोन-तीनदा पणजीपर्यंत पळवून आणा. पण डिपस्टिकवर सुद्धा तसंच चहासारखं दिसलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर मग हेड गॅस्केट, तिथे पणजी नको, सरळ गॅरेज.

ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या, समोर फोडून घ्या आणि रिकामा डबा कापून टाका. काढलेलं जुनं ऑईल कुठे जातं हे पण एकदा गॅरेजवाल्याला विचारा, माझं त्या वेळी कुठे गेलं ते मी विचारलं नाही याची मला लाज वाटते, कारण पहिल्या पावसात वाळवंटीच्या काठाला रंगीत तवंग मी स्वतः बघितलाय. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं, गटारात ओतायचं नाही, पण आमच्याकडे अजून वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायला बाटली भरून नेणारे आहेत. माझ्या सासऱ्यांसकट.

मी आता गेज स्वतःचं घेतलंय, दोन हजार तीनशे पडले, दर तीन महिन्यांनी लावून बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. परवा गरम स्लोवर १५ आलं, एकाने कमी, बघू पावसाळ्यानंतर किती येतं. ज्या बाबनी पत्र लिहिलं त्यांची गाडी कुठली आणि दिवा कधी लागतो ते त्यांनी लिहिलेलं नाही, माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय. सोमवार सोडून कधीही नऊनंतर साखळीला या म्हणावं, गाडी बंद न करता गरमच घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. नवीन ऑईलचा डबा आणला असेल तर तो मात्र तोपर्यंत उघडू नका, न फोडलेला असला तर दुकानदार परत घेतो.

आपला,
एक भाजीवाला, साखळी